विश्लेषण : रस्त्याकडेची साफसफाई गाजरगवत हटवते की पसरवते?

पावसाळ्यानंतर साइडपट्टीवरचे गवत कापले जाते, चर उपसले जातात, नवा मुरूम पडतो. पण चुकीच्या वेळी फिरलेले यंत्र परदेशी तणांच्या लाखो बिया पुढच्या गावापर्यंत पोहोचवते. हे नेमके कसे घडते आणि टाळता येते का?

पाऊस ओसरू लागला की राज्यातल्या रस्त्यांवर एक ठरलेले दृश्य दिसते. डांबराच्या दोन्ही बाजूंना कंबरभर वाढलेला हिरवा झाडोरा, त्यात घुसलेले ब्रश कटरवाले मजूर, मागे जेसीबी, आणि कापलेल्या गवताने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. दोन-तीन दिवसांत रस्ता मोकळा होतो, वळणावरचे वाहन दिसू लागते, किलोमीटरचा दगड झुडपातून बाहेर येतो. पुढच्या जूनमध्ये मात्र त्याच पट्ट्यावर गाजरगवत आदल्या वर्षीपेक्षा दाट उगवते. कधी कधी तर जिथे ते नव्हतेच, त्या नव्याने मुरूम टाकलेल्या पट्ट्यावर सर्वात आधी येते.

याला केवळ निसर्गाचा चिवटपणा म्हणून सोडून देता येत नाही. कामाची वेळ, पद्धत आणि कंत्राटाची रचना या तिन्ही गोष्टी तणाला मदत करतात.

साइडपट्टी साफ करायलाच हवी का?

हो. वाढलेले गवत वळणावरची दृश्यता कमी करते, सूचनाफलक झाकते, पाणी वाहून नेणारे चर तुंबवते. पाणी साइडपट्टीवर थांबले की ते डांबराखालच्या थरांत मुरते आणि खड्डे पडतात. पादचारी आणि सायकलवाल्यांना साइडपट्टी वापरता आली नाही, तर ते थेट वाहनांच्या मार्गात येतात. त्यामुळे गवत कापू नका, हा या प्रश्नाचा पर्याय नाही. कधी, कसे आणि कोणत्या क्रमाने कापायचे, यावर सारे अवलंबून आहे.

गाजरगवत आले कुठून?

शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. आपल्याकडे काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरफुली अशी त्याची नावे आहेत. भारतात या तणाकडे वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते पुण्यात. १९५५ च्या सुमारास कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर उगवलेली काही तुरळक झाडे दिसली आणि १९५६ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. तिथून पुढच्या काही दशकांत ते जवळपास सगळ्या देशात पोहोचले.

अमेरिकेतून ‘पीएल-४८०’ योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर हे तण आले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. मात्र तिच्यात तारखांची अडचण आहे. या योजनेचा भारताबरोबरचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, तर पुण्यातली झाडे त्याच्या आधीची. अमेरिकेचा गहू त्यापूर्वीही, १९५१ च्या अन्नधान्य कर्जाखाली, भारतात येत होता. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे या वनस्पतीचे नमुने भारतातून गोळा झाल्याचेही अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे प्रवेश एकापेक्षा अधिक वेळा झाला असण्याची शक्यता मोठी. पण ते देशभर कसे पसरले याबद्दल फारसा वाद नाही. रेल्वेमार्ग, रस्ते, कालवे, धान्य आणि मातीची वाहतूक, या वाटांनीच ते गेले.

कापल्यावर ते संपत का नाही?

इथे खरी मेख आहे. गाजरगवत उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. पहिल्या चांगल्या पावसानंतर जूनच्या मध्यात उगवलेले रोप जुलैअखेरीस फुललेले असते आणि ऑगस्टमध्ये बी गाळू लागते. ओल टिकली तर एकाच वर्षात त्याच्या दोन-तीन पिढ्याही होतात. साइडपट्टीची मोठी कापणी मात्र बहुतेक ठिकाणी पाऊस थांबल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आगेमागे होते. तोवर झाड बियांनी लगडलेले असते. ब्रश कटरचे पाते त्याला नुसते तोडत नाही, झोडपते. मळणीयंत्रात जे ज्वारीचे होते तेच इथे गाजरगवताचे होते, फक्त दाणे पोत्याऐवजी रस्त्यावर आणि शेजारच्या बांधावर पडतात.

एका मोठ्या झाडाला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बिया येतात. साधा हिशेब करून पाहा. रस्त्याच्या एका बाजूला दर मीटरला एकच झाड धरले, तर किलोमीटरमागे एक हजार झाडे आणि कमीत कमी एक कोटी बिया. दोन्ही बाजू धरल्या तर दोन कोटी. प्रत्यक्षात दर मीटरला एकच झाड असलेला पट्टा कुणी ‘गाजरगवताने भरलेला’ म्हणणारही नाही.

मग आधीच, फुलण्यापूर्वी कापले तर? नुसते वरून कापून तेव्हाही भागत नाही. जमिनीलगतचा खोडाचा भाग शाबूत राहिला की तिथून नव्या फांद्या फुटतात. एका शेंड्याच्या जागी चार-पाच शेंडे येतात आणि झाड बुटके राहून फुलते. असे बुटके, पसरलेले झाड पुढच्या कापणीत पात्याखाली सुटते. म्हणून मुळासकट उपटणे आणि तेही जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, हाच उपाय कृषी विद्यापीठे आणि तण संशोधक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ओल्या जमिनीतून ते सहज निघते. ऑक्टोबरच्या टणक मुरमात मूळ तुटते.

बी सगळेच एका वर्षी उगवत नाही. वर पडलेले बरेचसे पुढच्या पावसात उगवते, पण मातीखाली गाडले गेलेले काही वर्षे तग धरते. जेसीबीने साइडपट्टी खरवडली की हे खालचे बी पुन्हा उजेडात येते.

एका गावातून दुसऱ्या गावात बी जाते कसे?

गाजरगवताचे बी जेमतेम दोन मिलिमीटरचे, अत्यंत हलके. वारा, पाणी, जनावरांचे खूर यांबरोबर ते जातेच. पण लांबचा पल्ला गाठायला त्याला चाके लागतात.

बर्लिनमध्ये संशोधकांनी महामार्गाच्या बोगद्यांत बिया पकडणारे सापळे लावले होते. बोगदा यासाठी, की तिथे वाऱ्याने किंवा पक्ष्याने बी येण्याची शक्यता नगण्य. जे पडेल ते वाहनांतूनच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सापळ्यांत पडलेल्या बियांपैकी निम्म्याहून अधिक बिया परदेशी वनस्पतींच्या निघाल्या. अमेरिकेतील मोंटानातल्या प्रयोगांत कोरड्या हवेत वाहनाला चिकटलेले बी अडीचशे किलोमीटर गेल्यानंतरही मोठ्या प्रमाणात चिकटूनच असल्याचे आढळले. चिखल ओला झाला की ते गळून पडते. आपल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांना हे तंतोतंत लागू पडावे.

सामान्य वाहनांपेक्षा देखभालीची यंत्रे याबाबत जास्त धोक्याची. ती डांबरावर नव्हे, थेट तणात उतरतात. जेसीबीच्या बकेटमध्ये, दातांत, साखळ्यांत आणि टायरच्या खाचांत माती अडकते. दिवसभर एका पट्ट्यावर काम करून संध्याकाळी तेच यंत्र दुसऱ्या तालुक्यातल्या कामावर जाते. मध्ये त्याला पाण्याने धुण्याची पद्धत नाही. ग्रीस होते, डिझेल भरले जाते, पण माती तशीच राहते.

दुसरी वाट मुरमाची. साइडपट्टी भरायला मुरूम लागतो, तो जवळच्या खाणीतून, टेकाडातून किंवा पडीक जमिनीतून येतो. खाणीच्या तोंडाशी, रचलेल्या ढिगावर आणि ट्रक उभे राहतात तिथे गाजरगवत हमखास असते, कारण उकरलेली उघडी जमीन ही त्याची आवडती जागा. ढीग पावसाळाभर पडून राहिला तर त्यावर उगवलेले तण तिथेच बी टाकते. मग तो ढीग उचलून वीस किलोमीटरवर पसरला जातो.

तिसरी वाट सहसा लक्षात येत नाही. रस्तेबांधणीच्या केंद्रीय मानकांनुसार वरची सुपीक माती १५० मिलिमीटरपर्यंतच्या खोलीपर्यंत वेगळी काढायची, दोन मीटरपेक्षा उंच नसलेल्या ढिगांत साठवायची आणि नंतर भरावाच्या उतारांवर पसरायची असते. माती वाचवण्याच्या दृष्टीने ही तरतूद उत्तमच. पण तणाच्या बियांचा साठाही याच वरच्या थरात असतो. त्या पट्ट्यात आधीच गाजरगवत असेल, तर मातीबरोबर त्याचे बियाणेही जपून ठेवले जाते आणि ताज्या, मोकळ्या उतारावर पेरले जाते.

चर उपसण्याचे काम याच प्रकारातले. उपसलेला गाळ सहसा शेताच्या बाजूला टाकला जातो. पहिल्या जोरदार पावसात तो शेतात उतरतो.

किंमत कोण मोजते?

रस्त्याचा खर्च सरकारी खात्यात दिसतो, तणाचा दिसत नाही. तो बांधापलीकडच्या शेतकऱ्याच्या खुरपणीच्या मजुरीत जातो. गाजरगवत केवळ जागा अडवत नाही. त्याच्या मुळा-पानांतून पाझरणारी रसायने इतर रोपांची उगवण आणि वाढ रोखतात. काही पिकांत ४० टक्क्यांपर्यंत घट संशोधकांनी नोंदवली आहे. जनावरे ते टाळतात, चाराच नसला तर खातात, आणि मग दुधाला कडवट चव येते. गायरान आणि रस्त्याकडेला जनावरे चारणाऱ्यांचा चारा त्यामुळे कमी होतो तो वेगळाच.

दुसरी किंमत मोजतो तो ब्रश कटर चालवणारा. या वनस्पतीतील पार्थेनिन नावाच्या घटकामुळे त्वचेला तीव्र ॲलर्जी होते. चेहरा, मान, हाताचे कोपरे लाल होऊन सुजतात, खाज सुटते. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे थोड्या संपर्कानेही त्रास उसळतो. परागकणांमुळे शिंका, दमा बळावतो. पाते फिरताना झाडाचा चुरा आणि रस थेट अंगावर येतो. पूर्वी ठरावीक अंतराचा रस्ता सांभाळणारे मैलकुली असत. त्यांची संख्या घटत गेली आणि ही कामे कंत्राटावर गेली. रोजंदारीवरच्या मजुराच्या तोंडाला बहुतेक वेळा रुमाल आणि हातात काहीच नाही, हे कुठल्याही महामार्गावर दिसते.

प्रश्न फक्त गाजरगवताचा आहे का?

नाही, आणि इथे एकाच औषधाने सगळे आजार बरे होत नाहीत. घाणेरी म्हणजे टणटणी वरून छाटली तर अधिक घनदाट होते. ती काढण्याची परिणामकारक पद्धत म्हणजे खोड आणि मूळ जिथे मिळतात, त्याच्या किंचित खाली, जमिनीत काही सेंटिमीटर, कुदळीने मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. उलटे यासाठी, की मूळ पुन्हा मातीला लागू नये. रानमोडीच्या बिया वाऱ्यावर उडतात, त्यामुळे ती हिवाळ्यात फुलण्याआधीच गाठायला हवी. (रान मोडते म्हणून रानमोडी, नाव देणाऱ्याला सारे आधीच कळले होते.) सुबाभूळ आणि वेडी बाभूळ बुंध्यापासून पुन्हा फुटतात.

शहरांत आणखी एक प्रकार दिसतो. दुभाजकात शोभेसाठी लावली जाणारी पिवळ्या फुलांची वेल, वेडेलिया. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. तिची छाटणी करून तुकडे नाल्याच्या कडेला टाकले की प्रत्येक तुकडा नवे झाड होतो. म्हणजे गाजरगवताच्या बाबतीत यंत्र बी पसरवते, वेडेलियाच्या बाबतीत थेट रोपे पसरवते.

नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसचीही गोष्ट अशीच. मेक्सिकोतली ही फुलझाडे पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटातल्या रस्त्यांच्या कडेला ऑगस्ट-सप्टेंबरात ताटवे करतात. लोक गाडी थांबवून छायाचित्रे काढतात. ज्यांना ती काढून टाकावीत असे वाटते त्यांना नतद्रष्ट समजले जाते. पण नेमक्या याच काळात तेरडा, सोनकी यांसारखी सह्याद्रीची स्वतःची फुले त्याच जागेवर उगवायला धडपडत असतात.

जगातल्या सर्वात घातक १०० आक्रमक प्रजातींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली आहे. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, वेडेलिया आणि लाल फुलांचा आफ्रिकन ट्युलिप म्हणजे पिचकारी, हे पाचही त्या यादीत आहेत. यांतली बहुतेक आपल्याकडे कुणी ना कुणी हौसेने किंवा योजनेखाली लावलेली आहेत.

मग परदेशी झाडे सरसकट काढायची?

मुळीच नाही. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा, मिरची आणि टोमॅटोही तिकडचेच. परदेशी असणे आणि आक्रमक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या मदतीशिवाय वेगाने पसरून स्थानिक वनस्पतींना किंवा उपजीविकेला बाधा आणणारी तीच आक्रमक. दुभाजकातली कण्हेर किंवा बोगनवेल शेजारच्या शेतात घुसत नाही.

निविदेत नेमकी अडचण कुठे?

रस्त्याच्या कामात जे मोजले जाते त्याचेच पैसे मिळतात. झाडोरा काढण्याची बाब केंद्रीय मानकांत ‘साफसफाई आणि मुळे काढणे’ या सदरात येते आणि ती क्षेत्रफळावर, हेक्टरमध्ये मोजली जाते. किती क्षेत्र साफ झाले, एवढेच मोजमापवहीत चढते. फुलण्याआधी साफ झाले की बी गळाल्यावर, याला तिथे रकाना नाही. कंत्राटदाराच्या बाजूने पाहिले तर पावसात, चिखलात मजूर लावून उपटण्यापेक्षा कोरड्या ऑक्टोबरमध्ये यंत्र फिरवणे स्वस्त. पैसे दोन्हीला सारखेच. तो स्वस्त मार्ग निवडतो, यात आश्चर्य काही नाही.

भरावाच्या मातीत ओंडके, बुंधे, मुळे, कचरा नसावा अशी अट मानकांत आहे. पण ती भरावाच्या स्थिरतेसाठी आहे. मूळ कुजले तर पोकळी होते, भराव खचतो, म्हणून. तणाचे बी काही भराव खचवत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत मुरमाची घनता, आर्द्रता, चाळणी सगळे तपासले जाते, आणि खाणीच्या तोंडावरचे गाजरगवत कुणाच्याच तपासणी-यादीत नसते.

केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या एक टक्का रक्कम वृक्षलागवड आणि देखभालीसाठी ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे झाडे लावण्यासाठी पैसा आणि हिशेब आहे. नको ती झाडे येऊ न देण्यासाठी वेगळी बाब दाखवावी लागते, आणि अंदाजपत्रक करताना ती सहसा कुणी दाखवत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रथमच ‘आक्रमक परकीय प्रजाती’ची व्याख्या आली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. कलम ६२-अ नुसार अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे किंवा प्रसार यांवर केंद्र सरकार अधिसूचनेने बंदी किंवा नियंत्रण आणू शकते. मात्र ही व्याख्या वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासाला असलेल्या धोक्याभोवती आहे. राज्यमार्गाची साइडपट्टी त्यात सहजासहजी बसत नाही. वनस्पती विलगीकरणाचा २००३ चा आदेश बाहेरून येणाऱ्या मालासाठी. तण एकदा देशात आले की एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात ते नेणाऱ्या ट्रकला तो काही विचारत नाही. कर्नाटकने तर १९७५ मध्येच गाजरगवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केले होते. त्याने ते थांबले नाही.

इतर देश काय करतात?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये गाजरगवताने कुरणे व्यापली आहेत. तिथे ठिकठिकाणी वाहने आणि यंत्रे धुण्याची केंद्रे आहेत. यंत्र, चारा किंवा माती विकताना-हलवताना तणांच्या बियांबाबत लेखी जाहीरनामा देण्याची पद्धत आहे. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये क्वीन्सलँडमधून येणाऱ्या कापणी यंत्रांसाठी स्वच्छता आणि तपासणीचे नियम आहेत. ब्रिटनमध्ये जपानी नॉटवीड या वनस्पतीचे अंश असलेली माती नियंत्रित कचरा मानली जाते, ती कुठेही ओतता येत नाही, कारण मुळाच्या नखाएवढ्या तुकड्यापासून ती पुन्हा उगवते.

हे सगळे जसेच्या तसे इथे आणणे अवघड आहे. पण यंत्र हलवण्यापूर्वी धुणे, या एका गोष्टीसाठी पाण्याचा टँकर आणि अर्धा तास लागतो. टँकर रस्त्याच्या कामावर बहुतेक वेळा असतोच.

इथे काय शक्य आहे?

सर्वात स्वस्त बदल वेळापत्रकाचा. पावसाच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत एक उपटणीची फेरी आणि त्यातून सुटलेल्या, उशिरा उगवलेल्या रोपांसाठी ऑगस्टच्या मध्यात दुसरी. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळते. त्या आठवड्यात शाळा-महाविद्यालयांत फलक लागतात, उपटणीची छायाचित्रे निघतात. पण जूनमधली पहिली फेरी झाली नसेल तर तोपर्यंत पहिली पिढी बी गाळू लागलेली असते. ऑक्टोबरची दृश्यतेसाठीची कापणी त्यानंतरही करावी लागेलच, पण तेव्हा पात्याखाली गवत असेल, बियांनी लगडलेले तण नसेल.

फुलण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत खड्ड्यात कुजवून खत करता येते. फुले आलेले मात्र खतात घालणे धोक्याचे, कारण उष्णता पुरेशी झाली नाही तर बी जिवंत राहते. ट्रॉलीत उघडे भरून गावाबाहेर ओतणे म्हणजे तर पेरणीच.

कापण्याचा क्रम बदलायलाही पैसे लागत नाहीत. स्वच्छ पट्ट्यापासून सुरुवात करून तणग्रस्त पट्टा शेवटी घ्यायचा. आज नेमके उलटे होते, कारण जिथे तक्रार जास्त तिथे यंत्र आधी जाते.

तणनाशकाचा मार्ग सोपा वाटतो, पण रस्त्याचा चर शेतात आणि ओढ्यात उतरतो. ग्लायफोसेटचा वापर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून प्रशिक्षित कीटकनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. मिठाच्या तीव्र द्रावणाची फवारणीही पडीक जागांसाठी सुचवली जाते, मात्र पिकाशेजारच्या मातीत मीठ ओतणे कुणाही शेतकऱ्याला परवडणारे नाही.

मेक्सिकन भुंगा हा जिवंत मदतनीस १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला गेला. तो आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतात. नव्वदच्या दशकात तो सूर्यफुलावर दिसल्याने वाद झाला होता. पुढील तपासण्यांत तो पिकाची कीड नसल्याचा निष्कर्ष निघाला. कोरड्या काळात तो जमिनीत दडून राहतो, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर राहता येत नाही. पण ज्या पट्ट्यात तो भरपूर दिसतो, तिथे त्याचे काम चालू असताना यंत्र फिरवण्याची घाई करू नये.

शेवटचा मुद्दा मोकळ्या जमिनीचा. तण काढून जागा उघडी ठेवली तर ती सर्वात आधी तणच भरते. म्हणून साइडपट्टी खरवडताना हरळीसारखे जमिनीला धरून राहणारे गवत शिल्लक ठेवणे, उतारांवर मारवेल किंवा वाळा लावणे, हा देखभालीचाच भाग हवा. पावसाआधी टाकळ्याचे म्हणजे तरोट्याचे बी टाकले तर तो गाजरगवताला दाबतो, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. कोकणात पहिल्या पावसानंतर त्याची भाजीही होते.

तरोट्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ऐंशीच्या दशकात धारवाड परिसरात गाजरगवताला हरवण्यासाठी त्याचाच एक परदेशी भाऊबंद, उष्ण कटिबंधीय अमेरिकेतला, मुद्दाम पेरला गेला. त्याने गाजरगवत हटवले खरे. आज महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कित्येक रस्त्यांच्या कडेला पिवळ्या फुलांचे जे दाट, एकसुरी पट्टे दिसतात ते त्याचेच आहेत, आणि त्याला जनावरे तोंड लावत नाहीत. बी टाकण्यापूर्वी पोत्यात नेमका कोणता तरोटा आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्यायला हवे.

साइडपट्टीतल्या बियांचा साठा रिकामा व्हायला सलग काही वर्षे लागतात. बहुतेक ठिकाणी झाडोरा काढण्याचे काम मात्र एकेका वर्षाच्या हिशेबाने दिले जाते. ज्या रस्त्यांची देखभाल अनेक वर्षांसाठी एकाच कंत्राटदाराकडे असते, तिथे ‘ऑगस्टअखेर फुललेले गाजरगवत नको’ अशी एक अट घालून तिच्यावर देयकाचा काही भाग राखून ठेवता येईल. अशी अट तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, रस्त्यावरून एक फेरी मारली तरी पुरते.